जिनातला आसनवर्ग आणि माझी पाठ

माझी पाठ गेली ती लिहायचा एक टाक उचलताना. लोकांची पाठ ज्वारीचं पोतं उचलताना जाते, मोट ओढताना जाते, कुस्तीत जाते. चारचौघांत सांगायला काहीतरी अब्रूचं कारण राहतं. माझा टाक सतरंजीवरून घरंगळला, मी बसल्या बसल्या उजवीकडे वाकलो, आणि कमरेत अशी कळ निघाली की मी टाक सोडून सतरंजीच धरली. समोर मेडशीकडचा एक म्हातारा भावाभावांतल्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची तक्रार सांगत होता. त्याला वाटलं, त्याची कहाणी ऐकून मलाच भरून आलं. तोच मला समजावू लागला, "जाऊ द्या मुन्शीजी, नोका मनाले लावून घेऊ."

मी अर्जनवीस होतो. वाशीमच्या कचेरीच्या आवारात, निंबाखाली बसून लोकांचे अर्ज-तक्रारी लिहून द्यायचा परवाना माझ्या नावावर होता. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि सगळा वऱ्हाड मध्यप्रदेशात. साहेबलोक नागपूरच्या हुकमाने यायचे आणि नागपूरच्या हुकमाने जायचे. निंबाखालची आमची ओळ मात्र तशीच राहायची. खुर्ची वकिलाची, बाक कारकुनाचा, आणि अर्जनविसाला जमीन. सतरंजीवर मांडी घालायची, पुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी ओढायची आणि तिच्यावर कागद ठेवून अकरा ते पाच लिहायचं. स्टूल का नाही घेतलं, असं मला पुढे अनेक शहाण्यांनी विचारलं. खेड्यावरचा माणूस आपल्यासमोर उकिडवा बसतो आणि कानाशी तोंड आणून बोलतो. तुम्ही त्याच्या डोक्याच्या वर बसलात की तो अर्धी फिर्याद पोटातच ठेवतो आणि उठून शेजारच्याकडे जातो.

शेजारचा टपलेलाच होता. माझ्या डावीकडे बसणारा अर्जनवीस रोज माझ्या पाठीची विचारपूस करायचा आणि विचारपूस करता करता माझे पक्षकार स्वतःच्या सतरंजीकडे वळवायचा. मला पाव तासापलीकडे मांडी घालता येत नव्हती. पाव तास झाला की उठायचं, कमरेवर हात ठेवून निंबाभोवती फिरायचं आणि पुन्हा बसायचं. घरी बायकोने एरंडाची पानं बांधली, विटेने शेकलं, तेल चोळलं. वैद्याने विश्रांती सांगितली. विश्रांती सांगायला वैद्याचं काय जातं?

त्यात नवे मुन्सफसाहेब आले. काही बहाद्दर परवाना आपल्या नावावर ठेवून लिहायला भाच्या-पुतण्यांना बसवत, हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी हुकूम काढला, की दसऱ्याच्या सुटीनंतर सगळे परवाने नव्याने दिले जातील. ठरल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या जागेवर सकाळपासून कचेरी सुटेपर्यंत बसायचं आणि साहेब पाठवतील तो मजकूर स्वतःच्या हाताने लिहायचा. जो दिवसभर जागेवर दिसणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला. हुकूम चांगलाच होता. मी ठणठणीत असतो तर त्याची तारीफ केली असती. पण चैत्र संपत आला होता, दसऱ्याला पुरते सहा महिनेही नव्हते, आणि मी बसणार होतो पाव तास. लिहिण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. शेती नाही, दुकान नाही, वडिलांनी ठेवली ती एक लाकडी पेटी.

वैशाखात आसनवर्ग निघाला. गावाबाहेर एका शेटजींचं जीन होतं. कापसाचा हंगाम संपला की सरकी-रुई वेगळी करणारी यंत्रं गप्प होतात आणि टिनाच्या लांबच लांब शेडी दिवाळीपर्यंत रिकाम्या पडतात. त्यातली एक शेटजींनी या वर्गाला दिली. नागपुरात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आजकाल सुधारलेले लोक सकाळी आसनं करतात. शेटजींना सुधारायची हौस फार, आणि सुधारणा शेडीत होत असेल तर घरच्या रीतीभातीला धक्का लागत नव्हता.

मला तिथे नेलं वकीलसाहेबांनी. हे शेटजींचे वकील, आणि माझी निम्मी कामं यांच्याकडून यायची. त्यांनी पक्षकार पाठवावा, मी अर्ज लिहावा, अशी आमची जुनी रीत. ते म्हणाले, "मुन्शी, तू ये उद्यापासून. आपले सगळे लोक येऊन राह्यले." 'आपले' म्हणजे कोण, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं.

शेडीत वीस-बावीस मंडळी होती आणि मांडणी हुबेहूब कचेरीसारखी. पहिल्या रांगेत शेटजी, त्यांच्या उजव्या हाताला वकीलसाहेब, डावीकडे दोन मोठे अडते. दुसऱ्या रांगेत हेडक्लार्क, सावकारी करणारे दोघे आणि एक पेन्शनर. त्यामागे दुकानदार. सगळ्यांत शेवटी दाराशी, जिथे केरसुणी उभी केलेली होती, तिथे मी. मास्तर म्हणाले, "ज्याची पाठ दुखते त्यानं पुढं यावं." कोणी हललं नाही. मीही नाही. वकीलसाहेबांच्या पुढे बसून आसन करायचं आणि मग दुपारी त्यांच्याकडूनच काम घ्यायचं, एवढी अक्कल गमावण्याइतकी पाठ अजून दुखत नव्हती.

मास्तर म्हणजे एक म्हातारे ड्रिल मास्तर. नागपूरकडच्या कुठल्याशा शाळेत जन्मभर पोरांकडून कवायत करून घेतलेली, आणि आता वाशीमला विधवा बहिणीकडे येऊन राहिलेले. अंगाने काटकुळे, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर बंडी, आणि आवाज चारशे पोरांच्या मैदानाचा. आम्ही हाताच्या अंतरावर असलो तरी ते ओरडूनच सांगत, "सर्वांनी श्वास घ्या!" शेडीवरची कबुतरं उडायची. मला तो माणूस पहिल्या दिवशीच मठ्ठ वाटला. विनोद त्याला कळत नसे, मान कोणाचा किती ते कळत नसे, आणि शेटजींचं पोट आसनात आडवं येतं हे तो शेटजींना सरळ सांगे.

पण आमची मंडळी सांगून सुधारणाऱ्यांतली नव्हती. शेटजी पाय पसरून पुढे वाकायचे, हात गुडघ्यापर्यंत पोचले की मागच्या दोन रांगा "वा शेटजी!" करायच्या. वकीलसाहेबांचं शीर्षासन हे खरं पाहता दोन पक्षकारांचं काम होतं. एकाने डावा पाय धरायचा, एकाने उजवा, आणि साहेब खाली डोकं टेकवून निकाल लागेपर्यंत तसेच राहायचे. सगळ्या वर्गाला पहिल्या प्रयत्नात जमलं असं एकच आसन, ते म्हणजे शवासन. ते सुरू झालं की पाच मिनिटांत शेड घोरायला लागे. हेडक्लार्कला तर उठवावं लागे, आणि उठवलं की तो म्हणे, "आज मोठी समाधी लागली." दुपारी कचेरीत हेच लोक एकमेकांना आपापल्या आसनांचे पराक्रम सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, हिमालयातून परवाच उतरले.

शेडीची जमीन फरशीची होती आणि ती अंगाला टोचायची. पंधरा दिवसांनी शेटजींनी आपल्यासाठी एक गादी आणवली. आमचा मुलूख कापसाचा. इथे माणसाची पत त्याच्या गादीच्या जाडीवरून कळते. शेटजींची गादी दोन बोटं, म्हणून दुसऱ्या दिवशी अडत्यांनी तेवढीच आणली. ते पाहून शेटजींनी आपली चार बोटं केली. वकीलसाहेबांना चार बोटं भरवणं परवडत नव्हतं तरी त्यांनी भरवली. मग दुसरी रांग, मग तिसरी. गावातला पिंजारी चाचा, म्हातारा, भर उन्हाळ्यात जिनाच्या दाराशी आपलं पिंजण लावून बसला, आणि महिनाभर तांतीचा आवाज शेडीत येत राहिला. एरवी त्याला दिवाळीपर्यंत काम नसे. एकंदर त्या वर्गाने गावात एका माणसाचं भलं केलं ते चाचाचं.

मास्तर पहिल्याच गादीला म्हणाले होते, "गादी नोका आणू. खालून टणक पायजे." पण शेड शेटजींची, पहिली गादी शेटजींची. एकदा सांगून ते गप्प बसले. त्या गाद्यांवर मग जी आसनं झाली ती पाहण्यासारखी होती. कोणी एका पायावर उभं राहिलं की गादीत घोट्यापर्यंत रुतायचं आणि शेजाऱ्यावर कोसळायचं. एकदा पहिली रांगच्या रांग डावीकडून उजवीकडे पडली, शेवटचा माणूस भिंतीला लागून थांबला.

मी दाराशी बसून मनात पोटभर हसायचो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपण; या लोकांनी पाय पसरायचे म्हणून अंथरूण शिवलं. एवढं कळत होतं, तर मी काय करावं? मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "मलेही एक गादी पायजे." लाज सांगतो. बाकी सगळ्यांच्या गाद्या आणि दाराशी मी एकटा फरशीवर, हे मला खुपायला लागलं होतं. फरशीवर झोपलेला माणूस नोकर वाटतो. बायको म्हणाली, "घरात रुई कोठी हाय? थंडीची रजाई तेवढी हाय." मी म्हणालो, थंडीला वेळ आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, रजाईची शिवण उसवली आणि रुई काढून दिली. चाचाने ती पिंजली, आणि माझी गादी झाली. जाडी तीन बोटं. शेटजींहून कमी, दुकानदारांहून जास्त, असं माप मीच सांगितलं होतं. बरं झालं असतं एवढ्यावर थांबलो असतो तर. मी ती दुसऱ्या रांगेच्या शेवटाला नेऊन टाकली.

चौथ्या दिवशी पालथं पडून छाती उचलायची होती. माझी कमर त्या रुईत खोल गेली, छाती वर आली, आणि मध्ये काहीतरी अडकलं. मला ना वर होता येईना ना खाली. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. वकीलसाहेब मात्र नंतर कचेरीत माझी नक्कल करत, म्हणजे ओरडलोच असेन. चौघांनी मला गादीसकट उचललं. गादीचे चार कोपरे चौघांच्या खांद्यांवर, मध्ये मी डोळे मिटून, आणि मागे अर्धा वर्ग, असे आम्ही सकाळी सकाळी गल्लीतून आलो. बायका दारात आल्या. कोणीतरी विचारलं, "कोन गेलं बाप्पा?" मी डोळे उघडून सांगितलं, अजून कोणी नाही. तेव्हा दारातली एक म्हातारी घाबरून घरात पळाली.

त्यानंतर आठ दिवस मी घरात आडवा. उठून बसता येत नव्हतं, जेवण बायको भरवायची. आषाढ लागला होता. डावीकडचा अर्जनवीस भेटायला आला. मुन्सफसाहेबांचा हुकूम काही बदलणार नाही, असं त्याने फार हळहळून सांगितलं. माझी सतरंजी तिथे रिकामी पडते त्यापेक्षा त्याच्या मेहुण्याने तात्पुरती बसावं का, असंही विचारलं. तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. चाळिशीच्या माणसाने टाकापायी, गादीपायी रडावं! पण रडलो.

नवव्या दिवशी पिंजारी चाचा आला. माझ्या बायकोनेच त्याला बोलावलं होतं. रुई परत रजाईत भरून दे म्हणून. तो ओसरीवर बसला, गादी उसवू लागला, आणि मी आतून त्याच्याकडे पाहत होतो. साठी उलटलेला माणूस. जन्मभर जमिनीवर बसून पिंजण चालवतो, आणि पाठ अशी की कोणी ओळंबा लावून पाहावा. मी विचारलं, "चाचा, तुमची पाठ नाही दुखत का?"

"काहून दुखंल?" तो म्हणाला. "मी लोकाईसाठी गाद्या भरतो मुन्शीजी, मी तर चटईवर झोपतो. रुई आरामाची चीज हाय. तिच्यात हड्डी सरळ होते का कधी?"

"मग आमच्या गाद्या भरताना बोलले काहून नाही?"

"तुमी इचारलं होतं का? तुमी तर बोटं मोजून माप सांगतलं." आणि तो हसला. त्याचं हसणं मला झोंबलं, कारण ते हसणं माझंच होतं. महिनाभर दाराशी बसून मी असाच हसलो होतो.

श्रावणाच्या सुरुवातीला मी काठी टेकत पुन्हा शेडीत गेलो आणि दाराशी उघड्या फरशीवर पडलो. मास्तरांनी पाहिलं. वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. विचारलं, "तुमाले करायचं काय हाय?" पाठ बरी करायची आहे, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "तसं नाई. काय करता येत नाई ते सांगा." मी सांगितलं, की मला अकरा ते पाच मांडी घालून लिहिता आलं पाहिजे, दसऱ्यानंतर. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "मंग बाकीचं सोडा. शीर्षासन तुमच्या काय कामाचं?"

त्यांनी मला तीनच गोष्टी दिल्या. पालथं पडून छाती थोडी उचलायची, जेवढी उचलेल तेवढीच. उताणं पडून एकेक गुडघा पोटाशी आणायचा. आणि शेडीच्या लोखंडी खांबाला पाठ लावून मांडी घालून बसायचं. पहिल्या दिवशी पाव तास. दर चार दिवसांनी थोडं जास्त. मला वाटलं, हे काय शिकवणं झालं? हे तर माझं मीही करू शकलो असतो. नंतर कळलं, की करू शकलो असतो, पण केलं नसतं.

इकडे वर्ग गळू लागला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, या लोकांचे नव्वद झाले, हेच नवल. श्रावणात उपासाने चक्कर येते म्हणून अडते गेले. शेटजींना नागपूरच्या कोणीतरी सांगितलं की आता सुधारलेले लोक पहाटे फिरायला जातात, म्हणून शेटजी फिरायला गेले. शेटजी गेल्यावर पहिल्या रांगेला तिथे राहायचं कारण उरलं नाही. वकीलसाहेबांना कामाचा फार व्याप. हेडक्लार्क सगळ्यांत शेवटी गेला. त्याला घरी झोप लागत नसे. गणपती बसले तेव्हा चार जण होतो, पितृपंधरवड्यात मी एकटा. मास्तर तरी शेडीच्या मधोमध उभे राहून पूर्वीच्याच आवाजात ओरडत, "सर्वांनी श्वास घ्या!" मी एकदा म्हणालो, "मास्तर, मी एकटाच आहे, हळू बोला." ते म्हणाले, "सवय हाय." मला राग आला, हसूही आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कबुतरं उडाली.

दीड तासावर माझी गाडी अडली. मान खाली गेली की कमरेत कळ यायची. मास्तर म्हणाले, उद्या पेटी घेऊन या. मी पेटी नेली. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "लिहा." आणि आपल्या कवायतीच्या दिवसांतलं काहीबाही सांगू लागले. कोणत्या साली शाळेत कोणता झेंडा, रांगेत कोण कसं चुकलं, पावसात कवायत कशी झाली. असं कंटाळवाणं बोलणं मी कचेरीतही ऐकलं नव्हतं. वाक्याला शेंडा-बुडखा नाही. मी लिहायचो आणि मनात दात-ओठ खायचो. माझी मान खाली जायला लागली की ते सांगता सांगता एक बोट माझ्या हनुवटीखाली लावायचे आणि पुढे चालू. दोन तास झाले, अडीच झाले, दसरा जवळ आला तसे चार झाले. पहाटे आलेला माणूस कचेरीच्या वेळेला कसाबसा घरी जेवायला पोचायचा. ते स्वतः माझ्यासमोर तेवढाच वेळ तसेच बसत. त्यांना काय पडली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्या बहिणीने निरोप पाठवला, की भाऊ जेवायला येत नाहीत, उशीर होतो. मी म्हणालो, त्यांनाच सांगा.

दसऱ्यानंतरचा तो दिवस आला. मी अकराच्या आधी सतरंजी झटकली, मांडी घातली, पेटी ओढली. साहेबांचा चपराशी मजकूर आणून देई, आम्ही लिहून देत असू. बारा वाजले, एक वाजला. डावीकडचा पहिल्यांदा पाणी प्यायला उठला, मग तंबाखू थुंकायला, मग कारण न सांगता. दोन वाजता साहेब स्वतः ओळीने फिरले. माझ्यासमोर थांबले. मी मान वर केली नाही, हनुवटीही खाली जाऊ दिली नाही. ते पुढे गेले. चारला कमरेत कळ आली. मी ती तशीच राहू दिली आणि लिहीत राहिलो. पाच वाजता घंटा झाली तेव्हा माझे सगळे कागद पुरे होते. परवाना मिळाला. बायकोने त्या दिवशी गोडाचं केलं, आणि मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, आणि मी कूस बदलून झोपलो. तिसऱ्या दिवशीही. म्हटलं, थोडी विश्रांती. मग कामांची गर्दी झाली, कारण वकीलसाहेब पुन्हा पक्षकार पाठवू लागले. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण मी इतरांच्या अर्जांत किती वेळा लिहिली असेल.

पंधरा-वीस दिवसांनी मास्तर कचेरीत आले. खाकी चड्डी, बंडी, हातात छत्री. माझ्यासमोर तीन पक्षकार बसलेले, आणि कचेरीच्या ओट्यावर वकीलसाहेब पान खात उभे. मास्तर उकिडवे बसले, जसे सगळे बसतात. आधी माझ्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसता चांगले." मग म्हणाले, "एक अर्ज लिहून द्या."

कापूस यायला लागला होता आणि शेडी लागणार होत्या, हे त्यांना मान्यच होतं. पण जिनाच्या दाराशी एक छोटी कोठडी वर्षभर बंद असे. ती वर्गाला मिळावी, असा शेटजींना अर्ज. मला ठाऊक होतं, की ती कोठडी वकीलसाहेबांना त्यांच्या एका पक्षकाराच्या सरकीसाठी हवी होती. वकीलसाहेब ओट्यावरून आमच्याकडेच पाहत होते.

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला, लिहिण्यात मी कधी कुचराई केली नाही. 'या वर्गामुळे अनेकांच्या व्याधी दूर झाल्या' असं लिहून मी मास्तरांना वाचून दाखवलं.

"अनेक कोण?" मास्तर म्हणाले. "शेटजी इचारतीन. एक लिहा. एकाचीच पाठ बरी झाली. आन त्या एकाची सही घ्या खाली, म्हंजे खोटं नाई होनार."

त्यांनी टाक माझ्या हाताकडे सरकवला. मी पुन्हा ओट्याकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी पानाची पिंक टाकली आणि तिथेच उभे राहिले.

मी म्हणालो, "मास्तर, मी लिहिणारा आहे. अर्जात लिहिणाऱ्याची सही फक्त शेवटी, 'लिहिणार' म्हणून. त्याला दुसरी सही करता येत नाही. तसा कायदा आहे."

"असं का?" ते म्हणाले. जन्मभर कवायत करून घेतलेला माणूस. कायदा म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी 'अनेकांच्या' खोडायला लावलं, 'एकाच्या' लिहायला लावलं, खाली स्वतःची सही केली, आणि मी शेवटी, नेहमीच्या जागी, 'लिहिणार' म्हणून माझी. कागदाची घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली, गुडघ्यावर हात न टेकता उठले आणि गेले.

कोठडीत सरकी पडली. मास्तर त्याच हिवाळ्यात बहिणीला घेऊन नागपूरकडे गेले, असं कोणीतरी सांगितलं. मी विचारायला गेलो नव्हतो. मी पुढे बावीस वर्षं त्या निंबाखाली मांडी घालून बसलो, आणि पाठ एकही दिवस दुखली नाही. तसा कायदा कुठेही नव्हता.